जुन्या गाडीचा नवा सायलेन्सर : निवड कानाने नव्हे, विचाराने

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतरीत्या निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीसाठी घालून दिलेली वीस वर्षांची वयोमर्यादा तिने पूर्ण केली. टॅक्सी गेली, तरी खासगी फियाट मात्र संपलेल्या नाहीत. मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या, वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेल्या फियाट आजही दिसतात. अशा गाडीचे पुनरुज्जीवन करावे, तिला पुन्हा मूळ रूपात रस्त्यावर आणावे, अशी इच्छा अनेकांना होते. मग रंग निवडला जातो, क्रोमचे बंपर चकचकीत होतात, आसनांना नवे कापड चढते. सायलेन्सरचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि तोही 'आवाज कसा येईल' एवढ्यापुरताच.

वस्तुतः इंजिनातून निघणारा विषारी वायू माणसांपासून दूर नेऊन सोडणारी ही एकमेव यंत्रणा आहे. गाडीचा वेग, पेट्रोलचा खर्च, इंजिनाच्या व्हॉल्व्हचे आयुष्य आणि आत बसलेल्यांची सुरक्षितता या साऱ्यांशी तिचा थेट संबंध असतो. त्यामुळे तिची निवड सुटा डबा म्हणून न करता, इंजिनापासून मागच्या टोकापर्यंतची एक सलग व्यवस्था म्हणून करायला हवी. ही निवड कशी करावी, याचा हा ऊहापोह. उदाहरणासाठी आपल्याकडे सर्वाधिक परिचित असलेली फियाट ११०० घेतली असली, तरी यातील बहुतेक मुद्दे अॅम्बॅसेडर, मॉरिस मायनर किंवा स्टँडर्ड हेरल्डलाही तितकेच लागू पडतात.

मूळ व्यवस्था समजून घ्या

१९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने आलेली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेलेली ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसी क्षमतेचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे. आजच्या मानाने ही शक्ती अगदीच माफक. मूळ एक्झॉस्टची आखणी या माफक शक्तीच्या हिशेबानेच झालेली होती, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे.

या व्यवस्थेचे ढोबळमानाने चार भाग पडतात. इंजिनाला बोल्टने घट्ट बसवलेला बिडाचा मॅनिफोल्ड, त्याला जोडलेला पुढचा पाइप, मधला सायलेन्सरचा डबा आणि धूर मागे नेऊन सोडणारा शेवटचा पाइप. यांना जोडणारी गॅस्केट, क्लॅम्प आणि गाडीच्या तळाला टांगून धरणारे रबरी हँगर हे किरकोळ वाटणारे भागही तितकेच महत्त्वाचे. डबा नवा आणि बाकी सारे जुने, असा व्यवहार केला, तर पुढल्या पावसाळ्यात दुसरा सांधा सुटतो आणि मालक पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो.

उभी गाडी अधिक गंजते

सायलेन्सर गंजतो तो पावसाच्या पाण्याने, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सायलेन्सरचा मोठा शत्रू आतून येतो. पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की त्याचे पाणी बनते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले, तर त्यातून साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी लांबच्या प्रवासाला निघालेली असेल, तर पाइप पुरेसे तापतात आणि ही वाफ तशीच बाहेर निघून जाते. मात्र गाडी पंधरा दिवसांनी एकदा सुरू करून दहा मिनिटांत बंद केली, तर डबा तापतच नाही. वाफ आतल्या थंड पत्र्यावर साचते. पेट्रोलमधल्या अल्प गंधकामुळे व ज्वलनातून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे हे पाणी आम्लधर्मी होते आणि पत्रा आतून खाऊ लागते.

म्हणूनच रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या सायलेन्सरपेक्षा हौसेने जपलेल्या, क्वचित चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर सडलेला आढळतो. बाहेरून चंदेरी रंग झळकत असतो आणि आतून पत्र्याची चाळण झालेली असते. 'गाडी चालतच नाही, मग महागडा पाइप कशाला', हा युक्तिवाद त्यामुळे उलटा आहे. गाडी जितकी कमी चालणार, तितका पत्रा चांगला हवा. डब्याच्या सर्वांत खालच्या भागात पाणी निघून जाण्यासाठी एखादे बारीक छिद्र ठेवण्याची पद्धत आहे. जुन्या डब्यात ते असेल, तर नव्यातही असावे. तो गळतीचा दोष समजून काही कारागीर वेल्डिंगने बुजवून टाकतात. तसे होऊ देऊ नये.

कोणता पत्रा घ्यावा?

बाजारात मुख्यतः तीन पर्याय समोर येतात. पहिला साध्या पोलादाचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा. मूळ गाडीतही हाच होता. तो स्वस्त, कोणत्याही गॅरेजमध्ये वाकवता व जोडता येण्याजोगा आणि मूळ रूपाशी जुळणारा आहे. त्याचे आयुष्य मात्र कमी. बाहेरून उष्णतारोधक रंग दिला, तरी आतला गंज थांबत नाही.

दुसरा पर्याय अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचा. साध्या पत्र्यापेक्षा तो अधिक टिकतो आणि दिसायलाही मूळच्या जवळ जातो. वेल्डिंग केलेल्या जागी मात्र हा थर जळून जातो आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते. त्यामुळे सांधे कमीत कमी आणि जोडकाम स्वच्छ असणे गरजेचे.

तिसरा पर्याय स्टेनलेस स्टीलचा. 'स्टेनलेस' हा एकच शब्द ऐकून समाधान मानू नये. त्यात प्रामुख्याने ४०९ व ३०४ असे दोन प्रकार या कामात वापरले जातात. ४०९ मध्ये क्रोमियमचे प्रमाण सुमारे ११ टक्के असते. त्यावर वरवरचा तपकिरी गंज चढतो, पण पत्रा चटकन फुटत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. तो अधिक टिकाऊ व अर्थातच अधिक महाग. साधे लोहचुंबक जवळ नेले, तर ४०९ त्याला ठामपणे चिकटते. ३०४ चिकटत नाही किंवा वाकवलेल्या जागी जेमतेम चिकटते. ३०४ चे पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने खिशात एक चुंबक ठेवलेले बरे. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या किनारपट्टीच्या गावी खाऱ्या हवेने ३०४ वरही कालांतराने तपकिरी डाग पडतात, हेही लक्षात असू द्यावे.

स्टेनलेस स्टीलचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ३०४ हा प्रकार तापल्यावर साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतो. दोन मीटर लांबीचा पाइप ३०० अंशांनी तापला, तर साधे पोलाद सुमारे ७ मिलिमीटर वाढते आणि ३०४ सुमारे १० मिलिमीटर. त्यामुळे पाइप गाडीच्या तळाला लोखंडी पट्ट्यांनी जखडून टाकला, तर तो सांध्यावर तडकतो. रबरी हँगरला थोडी हालचाल करता यायला हवी. शिवाय पातळ स्टेनलेसच्या डब्याचा आवाज किंचित खणखणीत येतो. जुन्या फियाटचा मऊ, दबका सूर हवा असेल, तर पत्र्याची जाडी आणि डब्याची अंतर्रचना यांकडे लक्ष द्यावे लागते.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. नळजोडणीसाठी वापरला जाणारा जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप हाताशी असतो म्हणून काही ठिकाणी तोच जोडून दिला जातो. असा पाइप वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो आणि कारागिराला ताप भरू शकतो. शिवाय मुलामा उष्णतेने लवकर निकामी होतो. एक्झॉस्टसाठी हा पाइप वापरूच नये.

रुंद पाइपचा मोह

'पाइप मोठा टाका, गाडी मोकळी होईल,' हा सल्ला जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये मिळतो. दुसऱ्या बाजूला, 'इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच,' असेही ठासून सांगितले जाते. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. इंजिनाला उलट्या दाबाची गरज नसते, त्याला वायूचा वेग हवा असतो. एका सिलिंडरमधून जळका वायू झोताने बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि पुढला जळका वायू बाहेर यायला त्याची मदत होते. पाइप प्रमाणाबाहेर रुंद झाला, की वायू संथ व थंड होतो आणि ही मदत घटते. परिणामी कमी वेगात, म्हणजे शहराच्या गर्दीत व घाटाच्या चढावर, गाडी मंद वाटते. पाइप फारच अरुंद असेल किंवा वाकवताना चेपला गेला असेल, तर वेगात इंजिन गुदमरते.

४० अश्वशक्तीच्या इंजिनाला रुंद पाइपने कोणताही लक्षणीय लाभ होत नाही. उलट कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट बराच मोकळा केला आणि जेट तसेच ठेवले, तर हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होऊन व्हॉल्व्ह जास्त तापण्याचा संभव असतो. म्हणून सुरक्षित नियम एकच. मूळ पाइपचा आतला व्यास मोजावा आणि तोच कायम ठेवावा.

पाइप वाकवण्याची पद्धतही विचारून घ्यावी. आतून आधार देणाऱ्या यंत्रावर वाकवलेला पाइप वळणातही गोल राहतो. जुन्या कारागिरांची, पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून भरून तो तापवून वाकवण्याची पद्धतही उत्तम. केवळ दाबून वाकवलेला पाइप मात्र वळणावर चपटा होतो आणि तेथे व्यास घटतो.

डब्याचेही प्रकार असतात. आत पडदे व कप्पे असलेला डबा वायूला उलटसुलट फिरवून आवाज शमवतो. जुन्या प्रवासी गाड्यांतून बहुधा हाच असे. दुसऱ्या प्रकारात मधून सरळ सच्छिद्र नळी जाते आणि भोवती काचतंतू भरलेले असतात. तो हलका व मोकळा असला, तरी तंतू कालांतराने जळून-उडून जातात आणि आवाज वाढत जातो. 'स्पोर्ट्स' म्हणून विकले जाणारे डबे बहुधा या प्रकारचे. कौटुंबिक फियाटला ते शोभतही नाहीत आणि मानवतही नाहीत.

तयार घ्यावा की करवून घ्यावा?

फियाटचे सुटे भाग अजूनही सर्वस्वी दुर्मीळ झालेले नाहीत. मुंबईत कुर्ला आणि पुण्यात नाना पेठ येथील बाजारांत शोध घेणाऱ्याला बरेच काही हाती लागते. येथे तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मूळ मालाचा. ते वेष्टन पाहून मन हरखते, पण डबा हातात घेऊन हलवून पाहावा. आतून खुळखुळ आवाज आला, तर गंजाचे पोपडे सुटले आहेत, असे समजावे. दुसरा मार्ग स्थानिक उत्पादकांनी केलेल्या तयार डब्याचा. तो स्वस्त पडतो. मात्र फ्लँजची भोके, पाइपचा व्यास, डब्याची लांबी आणि हँगरच्या जागा या चार गोष्टी जुन्याशी ताडून मगच पैसे द्यावेत. तिसरा मार्ग कुशल कारागिराकडून जुन्या नमुन्याबरहुकूम नवा करवून घेण्याचा. वेळ जास्त लागतो, पण दुर्मीळ गाडीसाठी हाच खात्रीचा. यासाठी जुना सायलेन्सर कितीही सडलेला असला, तरी भंगारात देऊ नये. तोच नकाशा असतो. तो काढण्यापूर्वी गाडीखालून छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक वळणाचे अंतर टिपून ठेवावे.

नव्या डब्याआधी मॅनिफोल्ड तपासणे अगत्याचे आहे. बिडाला तडा गेला असेल, तर साध्या वेल्डिंगने तो टिकत नाही; त्यासाठी आधी भाग तापवून निकेलयुक्त कांडीने काम करणारा जाणकार हवा. बसण्याची बाजू वाकलेली असल्यास ती यंत्रावर सपाट करून घ्यावी. जुने गॅस्केट काढताना विशेष काळजी घ्यावी. त्या काळातील गॅस्केट व उष्णतारोधक आवरणांत अॅस्बेस्टॉस वापरले जात असे. ते कोरडे खरवडल्यास त्याची धूळ फुप्फुसात जाते. भाग ओला करून, मुखपट्टी बांधूनच ते काढावे आणि नवे गॅस्केट अॅस्बेस्टॉसविरहित घ्यावे.

जिवाशी गाठ

सर्वांत गंभीर मुद्दा कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे प्रवासाचा शीण म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना पीयूसी चाचणीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. म्हणजे नियमात बसणारी जुनी गाडीही या वायूचे मोठे प्रमाण बाहेर टाकत असते. तो वायू आत येऊ न देणे हेच एक्झॉस्टचे पहिले काम.

येथे एक गफलत होते. पाइपला मध्येच गळती असेल, तर झोतांच्या मधल्या कमी दाबामुळे बाहेरची हवाही आत ओढली जाते आणि शेवटच्या टोकाशी घेतलेल्या चाचणीत प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. पीयूसीचा कागद मिळाला म्हणजे गाडीत बसणे सुरक्षित झाले, असे मानणे त्यामुळे धोक्याचे आहे.

जुन्या फियाटमध्ये तळाचा पत्रा गंजून भोके पडणे ही नेहमीची तक्रार. अशा गाडीत खालचा वायू सरळ पायाशी येतो. म्हणून आधी तळाचा पत्रा आणि मग सायलेन्सर, हा क्रम पाळावा. इंजिन व आतला भाग यांच्यामधल्या पडद्यातील वायरी-केबलींची भोके रबराने बंद असावीत. शेवटचा पाइप गाडीच्या तळाखाली संपता कामा नये. तो मागच्या बंपरच्या बाहेर यायला हवा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि डिकीचे रबर खराब असेल, तर धूर तेथूनही आत खेचला जातो.

काम पूर्ण झाल्यावर गळतीची साधी चाचणी गॅरेजमध्येच करता येते. उघड्यावर, थंड इंजिन सुरू करून, जाड हातमोजा घातलेल्या हाताने कापडाचा बोळा शेवटच्या टोकावर क्षणभर दाबून धरावा. गळती असेल तेथून फुसफुस ऐकू येते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात. काही दिवसांनी सांध्याभोवती काजळी दिसली, तर तीही गळतीचीच खूण. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि पाइप यांच्यात मोकळे अंतर आहे ना, हेही याच वेळी पाहावे. इंजिनाचे रबरी माउंटिंग झिजलेले असेल, तर इंजिन हेलकावते आणि नवा कोरा पाइपही फ्लँजपाशी तुटतो. ते आधी बदलावे.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, ही त्यातील मुख्य अट. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये व नूतनीकरणाचे ५ हजार रुपये असून नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. नव्या नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. या नियमांखालील वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही.

सायलेन्सर बदलणे म्हणजे इंजिनात फेरफार नव्हे. परंतु दोन जाडजूड चकाकते पाइप बाहेर डोकावत असतील, तर 'मूळ स्वरूप' हा दावा कमकुवत होतो. खेरीज केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. वयामुळे त्यातून सूट मिळेल, असे गृहीत धरू नये. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यालाही १० हजार रुपयांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बुलेटच्या पुंगळ्या काढून गल्ल्या दणाणून सोडणाऱ्यांना लागू असलेला हा कायदा हौशी मोटारमालकांनाही लागू आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा का, असाही प्रश्न विचारला जातो. चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो एप्रिल १९९५ पासून बंधनकारक झाला. त्यापूर्वीच्या गाड्यांची रचना त्यासाठी झालेली नाही. कार्ब्युरेटरचे मिश्रण जरा घट्ट झाले, तरी कन्व्हर्टर अतोनात तापतो आणि तळाच्या पत्र्याला, गालिच्याला आगीचा धोका संभवतो. प्रदूषण खरोखर कमी करायचे असेल, तर कार्ब्युरेटर व इग्निशन नीट जुळवून घेणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग.

निर्णय कसा घ्यावा?

गाडी प्रदर्शनात व स्पर्धेत उतरवायची असेल, तर मूळ मापाचा, मूळ आकाराचा साध्या किंवा अॅल्युमिनियमयुक्त पोलादाचा सायलेन्सर घ्यावा; परीक्षक गाडीखाली वाकून पाहतात. महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदाच बाहेर काढायची कौटुंबिक गाडी असेल, तर मूळ मापातच, पण ४०९ किंवा ३०४ स्टेनलेसमध्ये करवून घेतलेला सायलेन्सर हाताशी पैसे असल्यास सर्वांत हितावह. बाहेरून काळपट उष्णतारोधक रंग दिला, तर तो मूळच्यापेक्षा वेगळा फारसा जाणवतही नाही. गाडी नियमित आणि दूरवर धावत असेल, तर साधे पोलादही अनेक वर्षे चांगली साथ देते. या तिन्ही प्रसंगांत व्यास, मार्ग आणि शेवटच्या टोकाची जागा मात्र बदलू नये.

नव्या कामाची पावती, वापरलेल्या पत्र्याचा प्रकार, मापे आणि छायाचित्रे गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावीत. जुना डबाही, जागा असेल तर, माळ्यावर जपावा. काय मूळचे आणि काय नंतरचे, हे पुढच्या पिढीला कळणे हाही गाडी जपण्याचाच भाग आहे. आणि गाडी सुरू केलीच, तर दहा मिनिटांत बंद करू नये. पाइप शेवटच्या टोकापर्यंत नीट तापेल एवढी तरी ती फिरवून आणावी. नव्या सायलेन्सरचे आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही.